विहिरीतला बिबट्या आणि बातमीबाहेरचा दिवस



न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा प्रारंभ झाला, तेव्हापासून महाराष्ट्रात व्याख्यानमाला म्हटली की श्रोत्यांनी थोडे सावरून बसावे आणि वक्त्याने राष्ट्राचे भवितव्य, धर्माचे स्वरूप किंवा वाङ्मयाचे प्रयोजन यांपैकी एखाद्या भारदस्त विषयास हात घालावा, असा शिरस्ताच पडून गेला आहे. त्या शिरस्त्याचा मला आदर आहे. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आंबेगाव तालुक्यातील लोणी-धामणीची ही माला चालते त्या गुरुजींचा दुसरा उद्योग मला ठाऊक असल्यामुळे विषय निवडण्याचे श्रम मला पडले नाहीत. दिवसभर शाळेत मुलांची उजळणी घ्यावी आणि सायंकाळी पुण्याच्या वृत्तपत्राकडे या भागातील बातमीपत्र लिहून एस.टी.च्या वाहकाच्या हाती द्यावे, हा त्यांचा क्रम होता. आणि त्यांनी लिहिलेल्या असंख्य ओळींपैकी एकही ओळ कोणत्याही ग्रंथात गेली नाही, याचे वैषम्य त्यांना कधी वाटल्याचे कोणी सांगत नाही. अशाच ओळींविषयी मी आज बोलणार आहे: आतल्या पानाच्या तळाशी छापल्या जाणाऱ्या, आणि शहरातील वाचकाने चहाचा पेला खाली ठेवता ठेवता ‘काय एकेक नवल!’ असे म्हणून पान उलटावे अशा, गावाकडच्या किरकोळ बातमीविषयी.

या बातमीस प्रतिष्ठा मिळाली ती फार जुनी नाही. मराठी वृत्तपत्रांचे पहिले शतक मतांचे होते. अग्रलेख हा त्यांचा प्राण, आणि बातमी ही अग्रलेखाच्या पुराव्यापुरती. नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यात बसून मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून अर्धशतकाहून अधिक काळ ‘दीनमित्र’ चालविला, आणि शेतकऱ्याचे वृत्तपत्र शेतकऱ्याच्या शिवारातूनच निघू शकते हे दाखवून दिले. आणि १९३२ च्या जानेवारीत, कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेल्या नानासाहेब परुळेकरांनी पुण्यात ‘सकाळ’ काढला, तेव्हा बाजारभाव, गावोगावच्या यात्रा, पाण्याच्या तक्रारी, हरवले-सापडले, यांनाही रकान्यात जागा मिळू लागली. विद्वानांनी त्या वेळी नाके मुरडली असतील. पण ज्याचे गाव कधी छापले गेले नव्हते त्या माणसाला आपल्या गावाचे नाव छापलेले पाहून काय वाटले असेल, हे समजण्यास विद्वत्ता लागत नाही.

गावाचे रोजचे जीवन लिहून ठेवण्याचा उद्योग त्यापूर्वी अगदीच झाला नव्हता असे नाही, आणि त्या उद्योगात आपल्या लोणीच्या एका नामबांधवाचा मोठा मान आहे. पेशवाई बुडाल्यानंतर दोन-तीन वर्षांच्या आतच कोट्स नावाच्या एका इंग्रज शल्यवैद्याने पुण्याजवळच्या ‘लोणी’ गावाची सविस्तर कैफियत लिहिली, आणि मुंबईच्या लिटररी सोसायटीने ती १८२३ साली छापली. घरे कशी आहेत, भांडी कोणती आहेत, कुणबी काय खातो, काय नेसतो, बलुतेदारांस काय मिळते, सावकाराचे देणे किती, या सगळ्यांची नोंद त्यात आहे. ते लोणी म्हणजे हवेलीतील लोणीकंद, आपले नव्हे. पुढे सव्वाशे वर्षांनंतर समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी त्याच लोणीकंदाची पुन्हा पाहणी केली आणि १९६० साली त्यावर ग्रंथ लिहिला. दरम्यान त्रिंबक नारायण आत्रे या मुलकी खात्यात हयात घालविलेल्या गृहस्थांनी १९१५ साली ‘गांव-गाडा’ लिहिला, आणि शेतकी खात्याचे हॅरल्ड मॅन यांनी कानिटकरांच्या साहाय्याने आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक हे गाव बांधाबांधाने तपासून त्याचा वृत्तांत १९२१ साली प्रसिद्ध केला.

हे चारही ग्रंथ मोलाचे आहेत. पण त्यांच्यात एक उणीव आहे, आणि ती ग्रंथकारांची नाही, ग्रंथांच्या जातीचीच आहे. त्यांत गाव आहे, परंतु मंगळवार नाही. सर्वसाधारण कुणबी सर्वसाधारणपणे काय खातो हे त्यांतून कळते. अमुक रात्री अमुक वस्तीवर जेवण का झाले नाही, हे कळत नाही. नित्याच्या जीवनाचा स्वभावच असा आहे की ते आपली नोंद स्वतः कधी ठेवीत नाही. विहिरीवर जाणे, मोटार चालू करणे, कुत्र्यास भाकरी टाकणे, पोरीस शाळेच्या वाटेवर सोडणे, यांतले काहीही बातमी होण्यास पात्र नाही, म्हणून ते छापले जात नाही. आणि ज्या दिवशी त्या क्रमात काही विपरीत घडते त्या दिवशी वार्ताहर ते विपरीत तेवढे लिहितो, परंतु लिहिता लिहिता, स्वतःच्या नकळत, भोवतालचा नित्यक्रमही थोडाथोडा लिहून जातो. नवलाची बातमी हे आपल्या रोजच्या जीवनाचे एकमेव तारीखवार दप्तर आहे, असे माझे प्रतिपादन आहे. मात्र ते वाचण्याची रीत आपण आत्मसात केलेली नाही.

उदाहरण घेऊ. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांचा मिळून जुन्नर वनविभाग होतो, आणि गेली पंचवीस वर्षे या विभागातून शहराकडे जी बातमी सर्वाधिक वेळा गेली असेल तिचा मजकूर आपल्यापैकी प्रत्येकास पाठ आहे. भक्ष्याच्या शोधात आलेला बिबट्या रात्रीच्या सुमारास अमुक मळ्यातील विहिरीत पडला. पहाटे मोटार चालू करण्यास गेलेल्या शेतकऱ्यास गुरगुरण्याचा आवाज आला. वनखात्यास खबर देण्यात आली. आधारासाठी दोराने बाज सोडण्यात आली, मग पिंजरा सोडण्यात आला. काही तासांच्या प्रयत्नांनंतर बिबट्यास सुखरूप बाहेर काढून माणिकडोहच्या निवारा केंद्रात त्याची रवानगी करण्यात आली. बघ्यांची मोठी गर्दी झाली होती. शेवटचे वाक्य बहुधा आधीच खिळे जुळवून ठेवलेले असावे.

आता ही बातमी पंचनामा वाचावा तशी, एकेक कलम थांबून वाचा. बिबट्या मळ्यात आला, म्हणजे मळ्यात कोणी राहते. तीन-चार पिढ्यांपूर्वी सर्वांची घरे गावठाणात होती आणि शेत हे जाऊन-येऊन करण्याचे ठिकाण होते. विहीर झाली, मोटार आली, गोठ्यात संकरित गाय आली, आणि त्यांची राखण करण्यासाठी माणूस पिकाच्या कुशीत राहावयास गेला. तेथे तो एकटा गेला नाही, कुत्रे घेऊन गेला. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा जो अभ्यास केला त्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला, आणि पाळीव जनावरे एकूण धरली तर तो ८७ टक्के भरला. तेव्हा बातमीदार ज्याला ‘भक्ष्याचा शोध’ म्हणतो तो शोध फार लांबचा नसतो. बिबट्या कुत्र्यामागे धावतो, कुत्र्यास विहिरीचा ठावठिकाणा माहीत असतो, बिबट्यास नसतो.

पुढचे कलम विहिरीचे. जनावर धावता धावता विहिरीत पडते याचा अर्थ त्या विहिरीस कठडा नाही. का नाही, हे कोणी विचारीत नाही. विहीर खणणाऱ्यास विचारा: सुरुंग, यारी, मजुरी, खडक लागला तर आणखी सुरुंग, मग मोटार, मग केबल, मग पाइपलाइन, आणि हे सारे होईतो सोसायटीचे कर्ज, बायकोचा दागिना आणि मेव्हण्याची उसनवारी संपलेली असते, कठडा हा हिशेबातला शेवटचा आकडा, आणि शेवटच्या आकड्याची पाळी पुष्कळ विहिरींच्या नशिबी येतच नाही. आपल्या कोरड्या पट्ट्यात तर विहीर पुरी झाली असे कधी म्हणताच येत नाही, कारण दर दोन-चार उन्हाळ्यांनी ती आणखी खोल न्यावी लागते, आणि पुन्हा फोडावयाच्या तोंडावर कोण बांधकाम करील? त्या विहिरीत बिबट्या पडला की छायाचित्रकार येतो. शाळकरी पोर पडले तर चार ओळी येतात. शेळी पडली तर काहीच येत नाही.

आणि ती बाज! ती कोणाच्या घरची होती, तिच्यावर त्या रात्री कोण निजले होते, बिबट्याचे ओझे सोसून ती वर आली की विहिरीतच राहिली, आणि राहिली असल्यास तिचा मोबदला कोणत्या खात्याच्या कोणत्या सदरातून मिळाला, याचा उल्लेख मी अद्याप कोठे वाचलेला नाही.

परंतु या बातमीतील सर्वांत महत्त्वाचे कलम पहाटेचे आहे. शेतकरी त्या वेळी विहिरीवर का गेला? कारण वीज त्या वेळी होती. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने मिळते. काही दिवस दिवसाची पाळी, काही दिवस रात्रीची. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी असेल त्या आठवड्यात उसाचे दारे धरावयास बारा वाजता, दोन वाजता, विजेरी व काठी घेऊन, छातीइतक्या अंधारात शिरावे लागते. दारे मोडताना माणूस वाकलेला असतो, आणि बिबट्याला वाकलेला माणूस चतुष्पादासारखा दिसतो, असे वनखात्याची मंडळी सांगत असतात. बसू नका, वाकू नका, मोठ्याने बोला, मोबाइलवर गाणी लावा. ही सूचना योग्यच आहे. परंतु पाणी न वाकता कसे द्यावे, याची सूचना अजून निघावयाची आहे. ‘आम्हाला दिवसा वीज द्या’ ही या चार तालुक्यांची मागणी शहरातील वाचकास पैशाच्या सवलतीसारखी वाटते. वास्तविक ती जिवाची मागणी आहे. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली ती दिवसा वीज देण्याच्याच उद्देशाने. तिचे काम कोठे कोठे झाले, कोठे कोठे व्हावयाचे आहे, आणि जेथे व्हावयाचे आहे तेथील शेतकरी आज रात्रीही विजेरी घेऊन निघणार आहे.

बिबट्या इकडे आला कोठून, हा प्रश्न मला सभांतून नेहमी विचारला जातो, जणू काही तो कोणाच्या तरी वरातीबरोबर आला. बिबट्या सह्याद्रीचा जुना खातेदार आहे. इंग्रजी अमलात श्वापद मारणाऱ्यास सरकारी इनाम मिळे, यावरूनच त्याची वहिवाट सिद्ध होते. बदलले ते शिवार. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांचे पाणी कालव्याने खाली आले. जेथे बाजरी, मठ, हुलगा होता तेथे ऊस उभा राहिला. विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी कारखाने त्या उसावर उभे राहिले. आणि वर्ष-दीड वर्ष कोणी हात न लावलेले, थंड, दाट, पाण्याच्या कडेचे असे एक नवे रान, ज्याच्या भोवती रोज रात्री कुत्री भुंकतात, अशी सोय प्रत्यक्ष सरकारी अभयारण्यातही मिळणे कठीण. १९७२ च्या कायद्याने बिबट्यास संरक्षण दिले, पाटबंधारे खात्याने त्याला पाणी दिले, सहकाराने निवारा दिला आणि आपण खाद्य दिले. आपल्या तालुक्याचे नाव ज्या आंबेगावावरून पडले ते गाव मात्र डिंभ्याच्या जलाशयाखाली गेले. कचेरी घोडेगावी आहे आणि नाव पाण्यात आहे. त्या जलाशयास, १९३० साली मुंबईत विलायती मालाच्या मोटारीपुढे देह ठेवणाऱ्या महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूंचे नाव दिले, हे उचित झाले.

आता गंमत अशी (आणि गंमत हा शब्द मी येथे कडवटपणाने वापरतो) की ज्या पाण्यामुळे हे सगळे घडले ते पाणी लोणी-धामणीस मिळाले नाही. तालुक्याच्या पश्चिमेस भीमाशंकरच्या रानात पाऊस झोडपून काढतो आणि पूर्वेस आपण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो. उपसा योजनेच्या मागणीचे अर्ज एका पिढीने लिहिले आणि दुसऱ्या पिढीने त्यांच्या नकला काढल्या. पाणी अडले, परंतु बिबट्या अडला नाही. त्याला चढ लागत नाही, मंजुरी लागत नाही. खालच्या उसाची तोड सुरू झाली की तो वरच्या माळाकडे सरकतो.

तोडीचा विषय निघालाच आहे, तर बछड्यांची बातमी घेऊ, कारण तीही दर हंगामात येते. मादी उसात विते. नोव्हेंबरपासून कोयता चालू लागतो, आणि एखाद्या सकाळी सरीत मांजराएवढी तीन पिल्ले मिळतात. पूर्वी ती उचलून नेली जात आणि आई रात्रभर त्या फडाभोवती चवताळून फिरे. आता वनखात्याने अनुभवांती शहाणी रीत घालून दिली आहे. पिल्ले तपासून त्याच जागी, प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये, सायंकाळी ठेवतात. दूरवर स्वयंचलित कॅमेरा लावतात. रात्री आई येते, क्रेट पाडते, आणि एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन जाते. हे चित्र पाहून सबंध महाराष्ट्र गहिवरतो, आणि गहिवरावे असेच ते आहे. परंतु ज्या क्रेटमध्ये ती पिल्ले ठेवली तो टोमॅटोचा असतो, ज्या हातांनी ती उचलली ते हात बीडकडून आलेल्या तोडकऱ्याचे असतात, आणि त्या फडाच्या कडेला, पाचटाच्या कोपीत, त्या तोडकऱ्याची स्वतःची पोरे झोपलेली असतात. त्या कोपीस दार नसते. कॅमेरा त्या दिशेस वळविलेला नसतो.

बातमीच्या दुसऱ्या दिवशी काय झाले हे न विचारण्याची आपली सवय कधी कधी फार महागात पडते. या शतकाच्या आरंभी, २००१ ते २००३ च्या सुमारास, जुन्नर भागात ‘बिबट्या जेरबंद’ या मथळ्याची नुसती रांग लागली होती, आणि प्रत्येक मथळ्यागणिक गाव सुटकेचा निःश्वास टाकीत होते. पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात नेऊन सोडले जात. पुढे अत्रेय आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला तेव्हा दिसले की ही स्थलांतराची मोहीम सुरू होण्यापूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत, आणि मोहिमेच्या काळात, २९ बिबटे हलविल्यानंतर, ती सरासरी सतरांवर गेली. आपला मुलूख सुटलेले, भेदरलेले जनावर परक्या मुलखात, परतीच्या वाटेवर, माणसाशी अधिक वेळा गाठ पाडते. म्हणजे प्रत्येक बातमी स्वतंत्रपणे खरी होती, आणि सर्व बातम्या मिळून खोट्या होत्या. वाईट एवढ्याचेच वाटते की हा हिशेब मांडण्यास बाहेरून संशोधक यावे लागले. कात्रणे आपल्याच घरी होती.

त्याच संशोधनातून महाराष्ट्रास एक नायक मिळाला. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका वयस्क बिबट्यास, गळ्यात पट्टा घालून, माळशेज घाटात सोडण्यात आले. त्याचे नाव ठेवले आजोबा. आजोबांनी मनात आणले आणि महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालून, रेल्वेमार्ग ओलांडून, वसईची खाडी पोहून, ते थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात दाखल झाले. वाटेत कोणाच्या केसालाही धक्का लावला नाही. जुन्नर-आंबेगावातील किती तरुण याच दिशेने, याच घाटाने, पोटासाठी मुंबईस गेले. त्यांच्यावर मात्र बोलपट निघाला नाही. आजोबांवर २०१४ साली निघाला. तोवर ते हयात नव्हते. २०११ च्या अखेरीस अहमदाबादकडे जाणाऱ्या महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्यांचा अंत झाला होता.

येथवर मी थोड्या हलक्या स्वरात बोललो. यापुढे तो स्वर चालणार नाही. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड हे आपल्या परिचयाचे गाव. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटोचा भाव आभाळास भिडला होता, तेव्हा तेथील एका शेतकऱ्याचे वीस क्रेट, म्हणजे सुमारे चारशे किलो टोमॅटो चोरीस गेले, आणि ही बातमी देशभर हसत हसत वाचली गेली. दोन वर्षांनी तेच नाव पुन्हा देशभर गेले. २०२५ च्या ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत, अवघ्या तीन आठवड्यांत, पिंपरखेड-जांबूतच्या शिवारात बिबट्याने तीन जीव घेतले. एक पोर शाळेच्या पहिल्या पायरीवरचे, एक शाळकरी मुलगा आणि एक वृद्धा. लोकांचा संयम सुटला, वनखात्याची गाडी पेटली, मंचरजवळ पुणे-नाशिक रस्ता रोखला गेला, आणि अखेर नेमबाज बोलावून नरभक्षक ठरलेल्या बिबट्यास गोळी घालण्यात आली. त्यानंतर जी चित्रे छापून आली त्यांत तेथील स्त्री-पुरुष शेतात जाताना गळ्याभोवती, बाहेर टोके असलेल्या, खिळ्यांचा पट्टा बांधून निघालेले दिसत होते. परदेशातील पत्रांनीही ते चित्र नवल म्हणून छापले. मेंढपाळ आपल्या राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात असा पट्टा पूर्वीपासून बांधतो. कुत्र्याचा पट्टा माणसाच्या गळ्यात कसा आला, हे ज्या दिवशी आपण सविस्तर, वीज, विहीर, ऊस, कुत्री, कोपी आणि वस्ती यांच्या तपशिलासह लिहून काढू, त्या दिवशी कोट्ससाहेबाच्या लोणीस जोड मिळेल.

याच्या उलट, आपल्याच तालुक्याच्या पश्चिमेकडे जा. तेथील महादेव कोळी बांधव आश्विन वद्य द्वादशीस वाघबारस पाळतात. रानातल्या शेंदूर लावलेल्या वाघोबापुढे नैवेद्य ठेवतात, आणि गुरांच्या राखणीचा जणू वार्षिक करार करतात. त्या करारामुळे हल्ले टळतात असे मी म्हणत नाही. पण शेजारी कोण राहतो याचे भान त्यात आहे, आणि ते पिढ्यांच्या सहवासाने आलेले आहे. पूर्वेकडे बिबट्या आणि ऊस दोन्ही नवे. येथे ना देव आहे ना रीत, आहे तो फक्त फोन, आणि पलीकडचा वनरक्षक, ज्याच्याकडे पुष्कळ गावे आहेत आणि पिंजरे मोजके.

सगळेच नवल असे रक्ताने माखलेले नसते, हेही सांगितले पाहिजे. आपल्या या भागात खोडद आणि त्याच्या परिसरात पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस प्रचंड दुर्बिणी दूरच्या तारकाविश्वांतील रेडिओलहरी ऐकत बसल्या आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी कांद्याची काढणी चालू असते. नारायणगावी पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेचे कारभारी वगापेक्षा सुपारीच्या आकड्यावर अधिक वेळ घालवितात. २०१४ पासून बंद पडलेला बैलगाडा २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने पुन्हा घाटात आला, त्या दिवशी या भागातील म्हाताऱ्यांनी फेटे काढले. यांतील प्रत्येकावर स्वतंत्र व्याख्यान होईल. ते पुढच्या वर्षीच्या वक्त्यासाठी राखून ठेवतो.

मला अखेरीस एक कामाची गोष्ट मांडावयाची आहे. येथील वाचनालयात गुरुजींच्या हातची कात्रणे असल्याचे मालेचे चालक म्हणाले. ती नुसती चिकटवून ठेवू नयेत. प्रत्येक कात्रणासमोर कोरे पान सोडावे, आणि त्या बातमीशी संबंध आलेल्या माणसाने, तो हयात असेल तर, तेथे पुढची हकीकत लिहावी: पंचनामा केव्हा झाला, भरपाई केव्हा आली, विहिरीस कठडा बांधला की नाही. आरंभ मेंढपाळापासून करावा असे मला वाटते, कारण त्याची हकीकत सर्वांत लवकर पुसली जाते. ‘बिबट्याच्या हल्ल्यात मेंढ्या ठार’ ही ओळ आपण वारंवार वाचतो. नियम असा आहे की घटनेची खबर अठ्ठेचाळीस तासांच्या आत द्यावी आणि पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागचे हलवू नये. मेंढपाळाचा वाडा मात्र खतासाठी एका शेतात दोन-तीन रात्री बसतो आणि पुढच्या शिवाराकडे निघतो. ज्याने मेंढ्या बसविल्या त्याला शेत नांगरावयाचे असते, ज्याच्या शेताचा वायदा पुढे आहे तो वाट पाहत असतो, आणि उरलेल्या मेंढ्यांना त्या रात्रीही चारा लागतो. तेव्हा मेलेल्या मेंढ्यांजवळ थांबते कोण, वाड्यातील बाई की पोर? भरपाई मिळेपर्यंत वाडा कोणत्या जिल्ह्यात गेलेला असतो? आणि बँकेत खाते असले तरी त्याची शाखा कोठे असते? या पंचक्रोशीत मेंढ्या बसविणारे शेतकरी आज समोर बसले आहेत, आणि मागच्या बाजूस घोंगड्या पांघरलेली काही मंडळीही मला दिसत आहेत. सभा आटोपल्यावर मी येथेच थांबणार आहे; ज्यांच्यावर असा प्रसंग आला असेल त्यांनी कृपा करून पुढे यावे, वही आणि लेखणी मी बरोबर आणली आहे.